पिंकीच्या वाट्याची सावड

बाया बांधावरून घसरली तेव्हा तिच्या डोक्यावर रोपांची पाटी होती. तिनं पाटी सांभाळली. उजवा हात खाली आला, सगळं अंग मनगटावर पडलं. संगीताकाकूच्या खाचरात लावणी करणाऱ्या बायकांनी माना वर केल्या, तेव्हा ती चिखलात बसून आपल्या हाताकडं दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी बघत होती.

तिचा नवरा सावळा वरच्या खाचरात चिखलणी करत होता. त्यानं बैल तसेच उभे केले, बायाला फाट्यापर्यंत चालवत नेलं आणि तिथून जीपनं तळेगावला. हाड मोडलं होतं. डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि गणपती होईपर्यंत हात गळ्यातून काढायचा नाही म्हणून सांगितलं. परत येताना जीपमध्ये बाया एकच गोष्ट बोलली. ती म्हणाली, "सावड राहिली."

खडकवाडी लोणावळ्याच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आहे. ठाकरांची वस्ती. खाचरं एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. लावणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून वाडी सावडीवर चालते. आज सगळ्या बायका एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. ज्यानं जेवढे हात घेतले, त्यानं तेवढे परत द्यायचे. बैलांची सावड वेगळी आणि हातांची वेगळी. त्या वर्षी सावळाचं रोप सगळ्यांच्या आधी तयार झालं, कारण त्याचा वाफा झऱ्याच्या पाण्यावर होता. त्यामुळं सगळ्या वाडीनं पहिल्यांदा त्याचीच खाचरं लावून दिली होती. आता त्याच्या घरचे हात एकेका घरी जायचे होते, आणि नेमका हातच मोडला होता.

मोठा मुलगा हृतिक नवलाख उंबऱ्याला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. त्यानं सुट्टी मागून पाहिली. सुपरवायझरनं त्याला सांगितलं, की जायचं तर जा, पण मग तिकडंच राहा.

उरली मुलगी, पिंकी.

पिंकी फुटबॉल खेळायची. खेळायची म्हणजे तोच तिचा धंदा होता. आश्रमशाळेत असताना तळेगावच्या आसावरी मॅडम शनिवारी खेळ शिकवायला यायच्या. त्यांनी या काटकुळ्या पोरीला अनवाणी पायानं चेंडू मारताना पाहिलं, आणि तिला सोडलं नाही. आधी तालुका, मग जिल्हा, मग पुण्यातला क्लब, आणि विसाव्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबात ती स्ट्रायकर झाली. गोल मारणं हे तिचं काम. जर्सीच्या पाठीवर नुसतं पिंकी लिहिलेलं असायचं, कारण आडनाव विचारलं तेव्हा ती लाजून गप्प बसली होती. दोन हंगाम ती चांगली खेळली. तिसऱ्या हंगामात, संक्रांतीच्या सुमाराला, एका सामन्यात डावा पाय जमिनीत रोवून तिनं अंग फिरवलं, आणि पाय होता तिथंच राहिला. गुडघ्याच्या आतला बंध तुटला. जवळ कुणी आलंही नव्हतं, कुणाचा धक्का नव्हता. क्लबनं ऑपरेशन केलं. पण करार उन्हाळ्यात संपला आणि पुन्हा केला नाही. तसं कुणी कळवलं नाही. एक दिवस संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिचं नाव काढलं गेलं, त्यावरून तिला कळलं.

तेव्हापासून ती वाडीवर होती. वाडीवरच्या सगळ्या कामांना उकिडवं बसावं लागतं. चूल, भांडी, धुणं, परसाकडं जाणं. पिंकीला उकिडवं बसता येत नव्हतं. सुरुवातीचे दिवस बाया तिला पहाटे ओढ्याकडं घेऊन जायची आणि पाठीमागून काखेत धरून उभी राहायची. तेवीस वर्षांची पोर. दिवसा पिंकी घोट्याला वाळू भरलेल्या बाटल्या बांधून पाय उचलायची, मारुतीच्या पायऱ्या चढायची-उतरायची, चौथऱ्यावर एका पायावर उभी राहायची. बायका पाण्याला जाताना बघायच्या. कुणी म्हणायचं, पायाला कायतरी बाधा झाली असंल.

आसावरी मॅडमनी खटपट करून कोलकात्याच्या एका क्लबाला तिचं नाव सुचवलं होतं. गणपतीनंतर चाचणी होती. मॅडमनी फोनवर तिला बजावून ठेवलं होतं, "काय वाटेल ते कर, पण लावणीच्या चिखलात उतरू नकोस. चिखलात पाय रुततो आणि अंग फिरतं. तेच आपल्याला नकोय."

सावळा बायाला घेऊन घरी आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाया म्हणाली, की ती डाव्या हातानं लावील. पत्र्यावर पाऊस चालू होता. पिंकीनं भाकरी उभ्यानं थापल्या. ओट्यावर शेगडी तिच्यासाठीच ठेवली होती.

ती म्हणाली, "उद्या मी जाते काकूच्या शेतात."

जाऊ नको, असं कुणीतरी म्हणेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. बायानं तोंड भिंतीकडं केलं होतं. सावळा ताटातली भाकरी मोडत राहिला. तिला राग आला, पण कुणाचा ते तिला नीट कळलं नाही.

सकाळी ती प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पांघरून खाचरावर गेली. बायका आधीच ओळीत उभ्या होत्या. संगीताकाकू वाडीची सावड बघायची. कोण कुणाकडं कधी जाणार, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. तिनं पिंकीला बघितलं, पायाकडं बघितलं, आणि ओळीच्या टोकाला जागा दाखवली. शेजारी ज्योत्स्ना होती. ज्योत्स्ना आणि पिंकी आश्रमशाळेत एका संघात होत्या. ज्योत्स्ना डावीकडून पळायची आणि चेंडू आणून पिंकीच्या पायात टाकायची. दहावीनंतर तिचं याच वाडीत लग्न झालं. आता तिला एक पोर होतं.

पिंकी चिखलात उतरली. पोटरीपर्यंत पाय आत गेला. चिखल थंड होता आणि खाली कुठं घट्ट, कुठं पोकळ. तिनं रोपांच्या मुठीतून दोन-तीन काड्या घेतल्या, वाकली, रोवल्या. हात विसरले नव्हते. अडचण मागं सरकण्याची होती. लावणी करताना बाई मागं मागं जाते, आणि प्रत्येक पावलाला चिखल पाय धरून ठेवतो. बाकीच्या बायका कमरेतून वळायच्या आणि पाय आपोआप सुटायचा. पिंकी तसं करत नव्हती. ती आधी सगळं अंग सरळ करायची, मग पाय सरळ वर ओढायची, मग मागं ठेवायची, मग वाकायची. तिची ओळ मागं पडली. ज्योत्स्ना आपली ओळ लावून तिच्या ओळीत हात घालू लागली.

पलीकडून एकजण म्हणाली, की पेपरात फोटो येतो त्याला चिखल मानवत नसतो. दोघी-तिघी हसल्या. वाईट मनानं नाही. लावणीत असं काहीबाही बोललंच जातं. संगीताकाकू हसली नाही. तिनं एवढंच सांगितलं, की एवढ्या सावकाश लावलं तर उपटलेलं रोप बांधावरच पिवळं पडेल.

त्यानंतर पिंकी घाई करू लागली. तिला ओळ गाठायची होती. मैदानात कुणी पुढं गेलं की जसं होतं, तसंच तिला झालं. बोलणं कानात शिरेना, नुसती पुढची ओळ दिसत राहिली. दुपारच्या भाकरीनंतर ती जवळजवळ ओळीबरोबर आली होती, आणि तेव्हाच एका पावलाला पाय निघाला नाही आणि अंग मात्र वळलं. आवाज आला नाही. गुडघ्याच्या आत नुसतं गरम झालं, कुणी कोमट पाणी ओतावं तसं. ती तशीच उभी राहिली. मग वाकून हातातली मूठ संपवली. मग पुढची घेतली. दिवस मावळेपर्यंत ती खाचरातून बाहेर आली नाही. तिच्या घरचा एक हात पुरा झाला.

घरी येईपर्यंत गुडघा पपईसारखा सुजला होता. ज्योत्स्ना तिच्याबरोबर आली, आणि पिंकी सांगणार नाही हे माहीत असल्यानं तिनंच बायाला सांगितलं. बायानं पिंकीचा पाय मांडीवर घेतला. एका हातानं तिनं आधी चांगला गुडघा चाचपला, मग सुजलेला, मग पुन्हा चांगला. सावळा दारात उभा राहून बघत होता. त्याच्या अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता.

सकाळी त्यानं अंधार असतानाच बैल जुंपले आणि आपल्या वाट्याची चिखलणी आटपून आला. बैल बांधले, पाणी पाजलं. पिंकी पाय उशीवर ठेवून पडली होती. त्यानं तिच्याकडं न बघता खुंटीवरचा कागद घेतला.

"तू हलू नको. मी जातू," तो म्हणाला.

"कुटं, बा?"

"लावायला."

खडकवाडीत पुरुष लावणी करत नाहीत. नांगर धरतात, चिखलणी करतात, मुठी वाहतात, बांध घालतात. रोप लावणं बायकांचं. असं का, ते कुणी सांगू शकत नाही. सावळा खाचरावर आला तेव्हा बायकांना वाटलं, तो बैलांचं काही विचारायला आलाय. तो सरळ खाली उतरला आणि ओळीच्या टोकाला, काल त्याची मुलगी होती त्या जागी उभा राहिला. मुठीसाठी त्यानं हात पुढं केला. कुणी मूठ देईना. शेवटी ज्योत्स्नानं दिली.

त्याला येत नव्हतं. जन्मभर त्यानं ही खाचरं नांगरली होती, कुठल्या कोपऱ्यात किती पाणी धरतं ते त्याला झोपेत सांगता आलं असतं, पण रोप रोवायला त्याची बोटं जाड होती. काड्या आडव्या पडायच्या, वर तरंगायच्या. मागून येणारी बाई त्या काढून पुन्हा लावायची. पंचावन्न वर्षांची कंबर वाकायची, पण वाकलेली राहायची नाही. दर थोड्या वेळानं तो उभा राहायचा. तेव्हा सगळी ओळ त्याच्यासाठी थांबायची, आणि त्याला ते दिसायचं.

संध्याकाळी संगीताकाकूनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सावळाभाऊ, राग मानू नका. तुमचा हात अर्धा धरीन. माज्या शेतात पुरा धरला, तर उद्या दुसऱ्या बायका माज्याशी भांडतील."

त्यानं मान हलवली. म्हणजे जिथं बाया एक दिवस गेली असती, तिथं त्यानं दोन दिवस जायचं. तो गेला. पहाटे नांगर, दिवसभर लावणी. आज या घरी, उद्या त्या घरी. हातापायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, कातडी पांढरी पडून सोलून निघू लागली. बाया रात्रीच्या उरलेल्या तेलात हळद कालवून डाव्या हातानं त्याच्या बोटांत भरायची.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पुरुष त्याला सावळाबाई म्हणू लागले. एकानं लुगडं आणून देतो म्हणून सांगितलं. पुढं सावळा टपरीवर जायचाच थांबला. घरी त्यानं हे काही सांगितलं नाही. पिंकीला ते ज्योत्स्नाकडून कळलं.

सूज उतरायला लागल्यावर पिंकीनं मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. मॅडम चिडल्या, आणि रविवारी स्कूटरवरून फाट्यापर्यंत आणि पुढं पावसात चालत वाडीवर आल्या. त्यांनी पिंकीला आडवं झोपवून पाय दोन्ही हातांनी धरला, पोटरी पुढं ओढून पाहिली, पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. बंध शाबूत वाटत होता. मॅडम तिथंच जमिनीवर बसल्या आणि त्यांनी चहा मागितला. त्या म्हणाल्या, की देवाची कृपा म्हण नाहीतर नशीब म्हण, पण आता सगळे व्यायाम पुन्हा पहिल्यापासून, आणि तळेगावला एकदा नीट दाखवून घ्यायचं.

तेवढ्यात सावळा जेवायला आला. मॅडमना बघून तो अंगणातच थांबला आणि त्यानं सोललेले हात पाठीमागं घेतले. मॅडमनी त्याला विचारलं, की तुम्ही पिंकीच्या जागी जाता का. तो म्हणाला, "हिला दुसरं काम हाय."

गणपती झाले. बायाचं प्लास्टर निघालं. वाडीची सावड त्याआधीच फिटली होती. पिंकी लोणावळ्याहून गाडीत बसली तेव्हा स्टेशनवर फक्त हृतिक होता. दुपारच्या पाळीला जायचं म्हणून तोही गाडी हलायच्या आधीच निघून गेला.

कोलकात्याच्या क्लबानं तिला तपासलं, पळवलं, उड्या मारायला लावल्या. त्यांच्या डॉक्टरनं विचारलं, की ऑपरेशननंतर कधी सूज आली होती का. पिंकी खोटं बोलू शकली असती. तिनं सांगितलं, की एकदा आली होती, भात लावताना. डॉक्टरला भात लावणं माहीत होतं. त्याचा आजोळचा गाव भाताचा होता. त्यानं पुन्हा सगळं तपासलं. क्लबानं तिला घेतलं, पण अर्ध्या हंगामापुरतं आणि राखीव खेळाडू म्हणून.

पहिले काही सामने ती बाकावर बसून राहिली. मग एकदा शेवटच्या काही मिनिटांसाठी तिला उतरवलं. चेंडू तिच्याकडं आला तेव्हा समोर गोल होता आणि मध्ये एकच बचाव करणारी पोर. पूर्वीची पिंकी डावा पाय रोवून वळली असती आणि चेंडू कोपऱ्यात गेला असता. तिनं चेंडू बाजूच्या मुलीला दिला. त्या मुलीनं गोल केला. सगळ्या पिंकीच्या गळ्यात पडल्या, वर्तमानपत्रात तिच्या निःस्वार्थी पासबद्दल एक ओळ आली. प्रशिक्षक बाईंनी मात्र सामन्यानंतर तिला बाजूला घेतलं. त्या स्वतः खेळलेल्या होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, की तू पास दिलास की पळालीस. पिंकीला उत्तर माहीत होतं. गुडघा कधीच बरा झाला होता, पण पाय रोवायची वेळ आली की अंगात कुणीतरी आधीच ब्रेक दाबायचं. सरावात दाबायचं, सामन्यातही दाबायचं. पुढच्या तीन सामन्यांत असंच झालं. तिनं गोलाकडं एकही फटका मारला नाही. हंगाम संपत आला होता, आणि गोलाकडं न बघणाऱ्या स्ट्रायकरला पुढच्या वर्षी कुणी बोलवत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटून दुसरा सामना मार्गशीर्षातल्या एका रविवारी होता. खडकवाडीत मळणी चालली होती. सावळाच्या खळ्यावर चार-पाच घरची माणसं होती. भाताच्या पेंढ्या फळीवर झोडपायच्या, भात खाली पडायचा, पेंढा बाजूला जायचा. हृतिकला सुट्टी होती. त्यानं फोन खळ्याच्या कडेला पाटीला टेकवून उभा केला आणि सामना लावला. रेंज जायची, चित्र थांबायचं, पुन्हा हलायचं. झोडपणारे झोडपत होते आणि मान वळवून मध्येच बघत होते. संगीताकाकू जवळ येऊन बसली होती. ज्योत्स्ना पोराला कडेवर घेऊन उभी होती. पडद्यावरच्या पोरी बोटाएवढ्या दिसत होत्या आणि यातली पिंकी कुठली, ते फक्त ज्योत्स्नाला चालण्यावरून ओळखू येत होतं. बायाला ज्योत्स्ना बोट लावून दाखवायची, मग बाया तेवढीच धरून बघत राहायची.

पिंकीचा संघ एका गोलनं मागं होता. पिंकी दुसऱ्या अर्ध्यात आली. बराच वेळ तिला चेंडू मिळाला नाही. मिळाला तेव्हा तिनं मागं दिला. हृतिक तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

मग डावीकडून एक पोर चेंडू घेऊन पळत आली आणि तिनं तो आत टाकला. ज्योत्स्नानं पोराला खाली ठेवलं. चेंडू पिंकीच्या जरा मागं पडला. तो मारायचा तर थांबायला हवं होतं, डावा पाय रोवायला हवा होता आणि सगळं अंग त्या एका गुडघ्यावर फिरवायला हवं होतं. बाजूला एक मुलगी मोकळी होती, हात वर करून चेंडू मागत होती. पिंकीनं तिच्याकडं बघितलं नाही. तिनं पाय रोवला, वळली आणि मारला.

चेंडू बारवरून गेला. बराच वरून. पिंकी तोल जाऊन गवतावर आडवी झाली. खळ्यावरचे सगळे एकदमच खाली बसल्यासारखे झाले. हृतिकनं कपाळावर हात मारला. झोडपणारा एकजण म्हणाला, हुकला. संगीताकाकू चुकचुकली आणि तिनं सावळाकडं बघितलं. सावळा हातात पेंढी तशीच धरून उभा होता. त्याला कळत नव्हतं, की आता काय समजायचं.

पडद्यावर पिंकी उठली. तिनं गुडघ्याला हात लावला नाही. ती मान खाली घालून आपल्या जागेकडं पळत गेली आणि मध्येच एकदा, कुणाला दिसू नये असं, हसली. ते कॅमेऱ्यात आलं नाही.

"चेंडू लय वर गेला," हृतिक म्हणाला.

"चेंडू मी न्हाई बगितला," बाया म्हणाली. ती अजून पडद्यावरच्या त्या बोटाएवढ्या पोरीकडं बघत होती. "पाय वळला तिचा. पुरा वळला."

मग चित्र थांबलं आणि पुन्हा हललंच नाही. हृतिक फोन घेऊन रेंज शोधत मारुतीच्या चौथऱ्याकडं गेला. सावळानं पेंढी फळीवर आपटली.